दादा, ते केस काढायला हवे होते

दादा, परवा रविवारी तुमच्या जलदानविधीला मी दोन शब्द बोलले. बुवापाड्यात तुमच्या घरासमोर मांडव घातला होता. भन्तेजींचं झालं, सगळ्यांनी पंचशील म्हटलं, आणि तुमच्या मेव्हण्यांनी माइक माझ्या हातात दिला. "मॅडम, पंधरा वर्षं तुमच्याकडे होते ते. तुम्ही बोला." मी बोलले. प्रामाणिक माणूस, कष्टाळू माणूस, मुक्या जनावरांना जीव लावणारा माणूस. सगळं खरं होतं, लोकांनी माना डोलावल्या. वहिनी पांढऱ्या साडीत पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि एकटक माझ्याकडे बघत होत्या. मला जे बोलायचं होतं ते काही मी बोलले नाही. माइक परत दिला आणि खुर्चीवर जाऊन बसले.

म्हणून आता लिहितेय. जयाभाभींच्या पांढऱ्या कुत्रीबद्दल मी तुमच्याशी कधीच बोलले नाही. त्या गोष्टीला आठ वर्षं झाली. आठ वर्षं आपण त्याच खोलीत, त्याच टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहून कुत्र्यामांजरांची सोनोग्राफी केली, एका डब्यातली भाजी खाल्ली, आणि ते एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. माझी जीभ तुम्हाला चांगली माहीत आहे, नको तिथे कशी चालते ती. गुरुवारी वहिनींचा फोन आला की तुम्ही गेलात, तेव्हा रडू यायच्या आधी मला तेच आठवलं. मला माझीच लाज वाटली.

तुम्ही माझ्याकडे जनावरं धरायला आला नव्हता, ट्यूबलाइट बदलायला आला होता. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये दवाखाना थाटून मला जेमतेम वर्ष झालं होतं. सोनोग्राफीची मशीन जुनी घेतली होती, आणि तिच्या पडद्यावर सारख्या आडव्या रेषा नाचायच्या. मशीनवाल्याचा माणूस दोनदा येऊन गेला. एकदा म्हणाला प्रोब खराब आहे, एकदा म्हणाला मॅडम तुमचा हात हलतो. मी दोन्ही वेळा त्याच्याशी भांडले. तुम्ही शिडीवर उभे होतात, वरून पडदा बघत होतात. अंबरनाथची कंपनी बंद पडेपर्यंत तुम्ही तिथे वायरमन होतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

"मॅडम, ह्या रेषा कुत्र्याच्या पोटात नाहीत," तुम्ही वरूनच म्हणालात. "मागच्या शिलाई मशिनी चालू झाल्या की येतात."

मागे जीन्स शिवायचा कारखाना होता. तुम्ही उतरलात, मागच्या दारातून गेलात, आणि मला इथपर्यंत ऐकू आलं, "सेठ, पाँच मिनट बंद करो ना, इधर कुत्ते का पेट देखना है." सगळा कारखाना हसला, पण मशिनी थांबल्या आणि माझ्या पडद्यावरच्या रेषा गेल्या. दुसऱ्या दिवशी तुम्ही दवाखान्यामागे खड्डा खणलात, मीठ-कोळसा घालून वेगळं अर्थिंग दिलंत, आणि मी तुम्हाला जाऊच दिलं नाही. "उद्यापासून येता का?" म्हणून विचारलं, तर म्हणालात, "जनावराला हात लावायची सवय नाही, मॅडम." मी म्हटलं, "ती फक्त चावतात. माणसांपेक्षा बरी."

कॉलेजात मला सोनोग्राफी शिकवली ती यकृत कुठे, मूत्रपिंड कुठे, एवढीच. चित्र मुळात स्वच्छ कसं येतं हे तुम्ही शोधून काढलंत, आणि तेही मला कमीपणा वाटू न देता. म्हणजे तुमचा प्रयत्न तसा असायचा. मला कमीपणा वाटायचा तो वाटायचाच. जेलची बाटली तुम्ही गरम पाण्याच्या मगात ठेवायचात, थंड जेल लागलं की कुत्रं पोट आवळतं म्हणून. जेल लावल्यावर मला प्रोब टेकवू द्यायचा नाहीत. "दोन मिनिटं थांबा मॅडम, मुरू द्या." आदल्या दिवशी मालकांना फोन तुम्हीच करायचात. "सकाळी काही द्यायचं नाही. बिस्कीट पण नाही. प्रेमाने पण नाही." मागच्या कारखान्यातून निळं जीन्सचं कापड आणून खिडकीला पडदा शिवून घेतलात, तेव्हा मी हसले होते. खोलीत उजेड असला की मला मशीनचा पडदा फिका दिसतो आणि मी उगाच चित्राचा उजळपणा वाढवते, हे तुम्ही कोपऱ्यात उभं राहून हेरलं होतं.

त्या उजळपणाच्या बटणावरून आपलं किती वाजायचं. चित्र धूसर आलं की माझा हात आपोआप तिकडे जायचा. एकदा तुम्ही म्हणालात, "रेडिओला स्टेशन नीट लागलं नसंल तर आवाज वाढवून काय होनार? खरखरच वाढनार ना?" मी तुम्हाला म्हटलं, "दादा, तुम्ही वायरी बघा." तुम्ही वायरी बघितल्यात. आणि मी, तुमची पाठ वळल्यावर, बटण खाली आणलं.

हसायचंही खूप व्हायचं, तेही लिहिते, नाहीतर तुम्ही म्हणाल मॅडमनी नुसता रडण्याचा कार्यक्रम केला. तुम्हाला मुतखडा झाला होता तेव्हा तुमची सोनोग्राफी झाली, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही रागाने लाल होऊन आलात. "दोन थेंब जेल लावलं हो, मॅडम! आणि पोटावर माझ्या एवढे केस. मी म्हटलं, आम्ही कुत्र्यांचे काढतो तसे आधी मशीनने केस काढा. तर ती बाई मलाच ओरडली." मी टेबलाला धरून हसत होते. तुम्हीही मग हसलात, पण तुमची तक्रार खरी होती.

आता स्वीटीचं लिहिते.

जयाभाभींचं कपड्यांचं दुकान आपल्याच गल्लीच्या तोंडाशी. कॅम्प चारमधली निम्मी गिऱ्हाइकं त्यांच्या शब्दावर माझ्याकडे आली होती. स्वीटी त्यांची सात वर्षांची पॉमेरेनियन, पांढरीशुभ्र, तिच्या केसांना त्या स्वतःच्या केसांपेक्षा जास्त जपायच्या. त्या दिवशी त्या तिला कडेवर घेऊन आल्या. दोन दिवस खात नव्हती, नुसतं पाणी पीत होती. "डॉक्टर, देखो ज़रा. पर बाल मत काटना हाँ. परसों बेटे की सगाई है, फोटो में ये भी बैठेगी."

तुमच्या हातात केस काढायची मशीन होती, चालूही झाली होती. तुम्ही म्हणालात, "भाभी, नीचे का ही काटूँगा, ऊपर से पता नहीं चलेगा." त्या नको म्हणाल्या. मग तुम्ही माझ्याकडे वळलात. "मॅडम, केस असले तर दिसनार नाही. आणि पाणी लई पिते म्हणतायत." मी जेलची बाटली उचलली. तुम्ही पुन्हा म्हणालात, "दोन मिनिटांचं काम आहे, मॅडम."

आणि मी काय म्हणाले ते आपल्या दोघांनाही पाठ आहे. "ठेवा ती मशीन. इथे डॉक्टर कोण आहे?"

का म्हणाले तेही सांगते. बाहेर गर्दी होती, जयाभाभींना दुखवायचं नव्हतं, ही झाली वरवरची कारणं. खरं कारण असं की त्यांच्यासमोर तुम्ही मला शिकवत होतात आणि तुमचं बरोबर होतं. सात वर्षांची, ऑपरेशन न केलेली मादी, खात नाही आणि पाणी ढसाढसा पिते. गर्भाशयात पू झाला असेल, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही सुचलं असतं. हातच्या काकणाला आरसा कशाला, पण मी आरसाच धुरकट करून बघायला बसले.

मी केस दोन्ही बाजूंना सारले, स्पिरिट ओतलं, जेल थापलं. केसांच्या मुळाशी हवा अडकली की प्रोबला पुढचं काही दिसत नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पडद्यावर नुसतं धुकं होतं. मी बटण फिरवलं. धुकं आणखी पांढरं झालं, आणि जिथे आतलं पाणी, पू काळं दिसायला हवं होतं तिथेही राखाडी भरून गेलं. "गॅस आहे," मी म्हणाले. इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहून दिल्या. तुम्ही दिव्याच्या बटणाजवळ उभे होतात. माझ्याकडे बघत नव्हतात, पडद्याकडे बघत होतात.

सगाईच्या दुसऱ्या दिवशी जयाभाभी तिला टॉवेलात गुंडाळून घेऊन आल्या. गळ्यात अजून गुलाबी रिबन होती. तुम्ही कुणाला न विचारता पोटावरचे सगळे केस काढलेत. प्रोब टेकवला, आणि पोटभर फुगलेल्या काळ्या नळ्या दिसल्या, इतक्या स्वच्छ की पुस्तकात छापाव्यात. मी सलाइन लावलं, ऑपरेशनची तयारी करायला घेतली, आणि स्वीटी टेबलावरच गेली.

जयाभाभी किंचाळल्या. "आपने तो मशीन में देखा था ना? गॅस बोला था ना?"

मी म्हणाले, "उस दिन तैयारी ठीक से नहीं हुई थी, भाभी. बाल नहीं निकाले थे, इसलिए दिखा नहीं."

त्यातला शब्द न् शब्द खरा होता. फक्त केस कुणी काढू दिले नाहीत, तेवढं मी गाळलं. केस काढू नका असं स्वतःच सांगितल्याचं जयाभाभींना त्या क्षणी आठवलं नाही, आठवणार तरी कसं. त्या तुमच्याकडे वळल्या. "तेरा काम था ना वो? कसाई है तू!" तुम्ही एकदा माझ्याकडे बघितलंत. एकदाच. मग हात जोडलेत आणि म्हणालात, "गलती हो गयी, भाभी." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी माझ्याच दवाखान्यात बघितलं. चोर प्रोबवरचं जेल पुसत उभा होता.

संध्याकाळी नेहमीसारखी मी कात्रपला घरी निघाले, तुम्हाला अंबरनाथला सोडायला गाडीत घेतलं. शिवमंदिराच्या वळणाला तुम्ही उतरलात आणि काचेतून वाकून म्हणालात, "ब्लेडची धार गेलीय, मॅडम. उद्या नवीन आणतो." मी "हो" म्हटलं. तिथे एक वाक्य सहज बसलं असतं. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, आणि मी गाडी पुढे काढली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात, नवीन ब्लेड लावलंत, तेल घातलंत, आणि नेहमीसारखे वागलात. मग तेच माझ्या सोयीचं झालं. दादांचं मन मोठं आहे, ते विसरले, त्यांनी माफ केलं, असं मी स्वतःला सांगत राहिले. कुणी माफी मागायच्या आधीच माफ करून टाकलं की किती बरं असतं! आणि तुम्ही मोठ्या मनाचे होतातच, त्यामुळे ते मला पटलंही.

पण तुम्ही विसरला नव्हतात, हे मला दिसत होतं. त्या दिवसानंतर तुम्ही मला कधी विचारलंच नाहीत. मी खोलीत यायच्या आत जनावराचं पोट साफ झालेलं असायचं. मालक कुरकुरले तर तुम्ही बाहेरच त्यांची समजूत काढायचात, आणि ती कशी, तर स्वतःच्या डाव्या हातावर मशीन फिरवून. "बघा, दुखतंय का? रक्त आलं का? पंधरा दिवसांत परत येतात." मनगटाच्या वर तुमच्या हाताला कायम चार बोटं टक्कल. मी तुम्हाला त्यावरून चिडवायचे. "दादा, लग्नसराईत तरी हातावरचे केस वाढू द्या." तुम्ही बाही खाली करायचात. ही सवय कधीपासून लागली ते मला पक्कं माहीत होतं, आणि तरी मी चिडवत होते.

ह्या वर्षी नवी मशीन आली, तेव्हा आपलं शेवटचं भांडण झालं, म्हणजे व्हायचं राहिलं. मी म्हटलं, "दादा, आता तुमची हजामत बंद. ही सगळं आपोआप करते." तुम्ही मशीनभोवती एक फेरी मारलीत. "मशीन हुशार असंल, मॅडम. पण केसांतली हवा ती काय फुंकून काढनार?" मग ठरलं की शुक्रवारी येणाऱ्या लॅब्रॅडॉरचं अर्धं पोट साफ करायचं, अर्धं तसंच ठेवायचं, आणि बघायचं. गुरुवारी तुम्ही गेलात. लॅब्रॅडॉरची वेळ मी पुढे ढकलली, आणि काल तो प्रयोग एकटीने केला. तुमच्यासारखी सरळ रेघ मला मारता आली नाही, लॅब्रॅडॉरचा मालक हसला. साफ केलेल्या बाजूला प्लीहेची कड न् कड दिसत होती. दुसऱ्या बाजूला तेच आपलं जुनं धुकं. तुम्ही जिंकलात, दादा. तुम्ही "बघा" असं म्हणाला नसतात, नुसते जेलचा मग धुवायला गेला असतात, आणि त्याचाच मला जास्त राग आला असता.

आता रविवारचं सांगते. माझं बोलून झालं, लोक जेवायला बसले, आणि वहिनींनी मला खुणेने आत बोलावलं. स्वयंपाकघरात दोघीच होतो. मला वाटलं तुमचं काही सामान दवाखान्यात राहिलंय, त्याबद्दल असेल. त्या म्हणाल्या, "मॅडम, एक विचारायचं होतं. राग मानू नका. ती सिंधी बाईंची पांढरी कुत्री खरंच ह्यांच्या हातून मेली का?"

मला आधी कळेचना त्यांना कसं माहीत. तुम्ही दवाखान्यातलं घरी बोलत नसाल असं मी धरून चालले होते.

"आजारी पडले की सारखं काढायचे," वहिनी म्हणाल्या. "म्हणायचे, मॅडम नको म्हटल्या तरी मी मशीन चालवायला हवी होती. फार तर ओरडल्या असत्या, कामावरून काढलं असतं. कुत्री तर वाचली असती. मी भ्यालो, म्हणायचे."

दादा, म्हणजे तुम्ही मला माफबिफ काही केलं नव्हतंत. तुम्हाला माफ करण्यासारखं काही दिसलंच नव्हतं. जे मी तुमच्या माथी मारलं ते तुम्ही खरं मानून घरी घेऊन गेलात, आणि आठ वर्षं वागवलंत. मी मात्र निवांत होते, तुमच्या मोठ्या मनाच्या भरवशावर.

मी वहिनींना सगळं सांगितलं. ठेवा ती मशीन म्हणाले ते, बटण फिरवलं ते, आणि जयाभाभींसमोर काय गाळलं ते. काही राखून ठेवलं नाही. वहिनी ओट्याला टेकून ऐकत होत्या. रडल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"हे त्यांना का नाही सांगितलंत?" त्या म्हणाल्या. "रोज तर तुमच्या समोर होते."

बाहेरून कुणीतरी त्यांना हाक मारली, त्या पदर सावरून गेल्या. मी तिथेच उभी राहिले.

काल दवाखाना बंद करून मी जयाभाभींच्या दुकानात गेले. त्या कुर्त्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनाही सगळं सांगितलं, त्यांनी कसाई कुणाला म्हणायला हवं होतं तेही. त्या हातातली घडी तशीच धरून बसल्या. म्हणाल्या, "अब बोल रही हो, डॉक्टर? वो तो चला गया ना." मग त्यांनी तुमचं घर कुठे आहे ते विचारलं. मी पत्ता लिहून दिला.

दादा, तुम्ही भ्याला नव्हता. भर दवाखान्यात, गिऱ्हाइकासमोर, डॉक्टरला तुम्ही एकदा सोडून दोनदा सांगितलंत. याहून जास्त कुणी काय सांगायचं असतं? भ्याले होते ती मी. त्या दिवशी जयाभाभींना भ्याले, आणि नंतर आठ वर्षं रोज तुम्हाला.